एमआयटी ओपनकोर्सवेअरचा गणित विभाग: 'आता पुढे काय शिकू' हे ठरवायला वापरून बघितला

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच, पण त्यात वेबसाइटचा दोष फारसा नाही हे आधीच सांगून ठेवते.

माझी गाडी कुठे अडली होती ते आधी. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत सगळ्यांनाच जे करावं लागतं ते माझं झालेलं होतं, म्हणजे एका चलाचं कॅल्क्युलस, मग अनेक चलांचं, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स. मार्क बरे होते. इथपर्यंत तुला काय आवडतं असं कुणी विचारत नाही, रस्ता एकच असतो आणि आपण चालत राहतो. आणि मग एकदम दहा रस्त्यांचा चौक येतो. रिअल ॲनालिसिस, ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा (शाळेतल्या अल्जेब्राशी संबंध फक्त नावापुरता), कॉम्प्लेक्स, टोपॉलॉजी, नंबर थिअरी, कॉम्बिनेटोरिक्स, प्रॉबॅबिलिटी, न्यूमरिकल... नुसती नावं वाचून काय कप्पाळ कळणार? ज्याला विचारावं तो आपलाच विषय कसा भारी ते सांगतो. सिलॅबस वाचला तर त्यात 'कॉम्पॅक्टनेस', 'क्वोशंट ग्रुप' असले शब्द, जे विषय शिकल्यावरच कळणार. म्हणजे निवडायला आधी शिकलेलं पाहिजे, आणि शिकायला आधी निवडलेलं पाहिजे.

मधे एक चूकही करून झाली. एका साइटवर पैसे भरून 'ॲडव्हान्स्ड मॅथ्स' असा भारदस्त नावाचा कोर्स घेतला, नाव नाही घेत त्यांचं. आत बघते तर परत तेच इंटिग्रेशनचे प्रकार, जरा अवघड आकडे टाकून, आणि प्रत्येक धड्याखाली चार पर्यायांची क्विझ. अख्ख्या कोर्समध्ये एकदाही 'हे सिद्ध करा' नाही. तेव्हा मला त्यात खटकण्यासारखं काही वाटलंही नव्हतं, उलट क्विझमध्ये पैकीच्या पैकी पडले म्हणून मी खूश.

मग ओपनकोर्सवेअरकडे वळले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर केलं की आमच्या कोर्सचं सामान आम्ही इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडं ठेवणार, आणि ते खरंच ठेवलं. लॉगिन नाही, फी नाही, सर्टिफिकेट पण नाही. तिथे प्रत्येक विभागाला नंबर असतो, गणिताचा १८. म्हणून १८.०१ आणि १८.०२ कॅल्क्युलस, १८.०३ डिफरन्शियल इक्वेशन्स, १८.०६ लिनिअर अल्जेब्रा. हे चार झालेत ना? मग तुम्ही त्या चौकात उभे आहात. पुढे १८.१०० ॲनालिसिस, १८.७०१ अल्जेब्रा, १८.९०१ टोपॉलॉजी, १८.७८१ नंबर थिअरी, अशी दारं एका ओळीत. काही कोर्सचे पूर्ण व्हिडिओ आहेत, काहींच्या नुसत्या नोट्स आणि असाइनमेंट. आधी वाटलं की व्हिडिओ नसलेले कोर्स म्हणजे अर्धवट माल. आता मत बरोबर उलटं झालंय.

कारण व्हिडिओंनीच मला फसवलं. म्हणजे फसले मीच. सुरुवातीला उजळणी म्हणून गिल्बर्ट स्ट्रँग यांची १८.०६ ची लेक्चर्स लावली, १९९९ ची रेकॉर्डिंग, खडू-फळा, आणि माणूस असा बोलतो की मॅट्रिक्स आत्ता समोर उलगडतेय आणि त्यालाही आत्ताच कळतंय. (२०२३ च्या मे महिन्यात त्यांनी ८८ व्या वर्षी शेवटचं लेक्चर घेतलं, तेही बघून घ्या.) मग त्याच झपाट्यात केसी रॉड्रिग्ज यांची १८.१००ए ची ॲनालिसिसची लेक्चर्स, मग युफे झाओ यांच्या २०१९ च्या ग्राफ थिअरीच्या कोर्सची पहिली दोन, मग अजून कुठलं तरी, रात्री जेवण झालं की सिरीज बघावी तशी. आणि प्रत्येक विषय बघून झाला की वाटायचं बास, हाच आपला! दोन आठवड्यांत मी चार वेळा 'आयुष्याचा निर्णय' घेतला. चांगला शिकवणारा समोर असला की सगळंच सोपं वाटतं हो, आणि तीच गोम आहे. तुम्हाला विषय आवडलाय की शिकवणारा, हे बघताना कळत नाही.

असाइनमेंट उघडली तेव्हा कळलं.

तर शेवटी मी असं केलं: चार विषय घेतले, प्रत्येकाच्या पहिल्या दोन असाइनमेंट छापून घेतल्या, आणि ठरवलं की उत्तरं बघायची नाहीत, लेक्चर अडलं तरच आणि तेवढंच. प्रत्येक विषयाला दोन आठवडे. प्रत्येक प्रश्नापुढे दोनच गोष्टी लिहायच्या, किती वेळ अडले आणि अडलेली असताना चिडचिड झाली की उठावंसंच वाटलं नाही. या दुसऱ्या रकान्यासाठीच सगळा खटाटोप. जिथल्या प्रश्नात अडकून राहायला तुमची हरकत नसते तो विषय घ्यावा, कारण चौकाच्या पुढे जायचं म्हणजे बहुतेक वेळ अडकलेलंच असायचंय, मग निदान आवडीच्या जागी तरी अडकावं.

आता एकेकाचं.

ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रापासून सुरुवात केली कारण नावाने घाबरवलं होतं. यात आकडे जवळपास नसतातच. ग्रुप म्हणजे काही वस्तू आणि त्या जोडायची एक रीत, तिचे तीन-चार नियम. चौकोनी पुठ्ठा घ्या, तो उचलून परत त्याच जागी बसवायच्या किती तऱ्हा? आठ, चार फिरवण्याच्या आणि चार उलटा करण्याच्या. आता आधी पाव फेरी फिरवून मग उलटा करा, आणि दुसऱ्यांदा आधी उलटा करून मग पाव फेरी फिरवा. कोपऱ्यांवर पेन्सिलीने खुणा केल्यात तर दिसेल की दोन्ही वेळा पुठ्ठा वेगळा बसतो. एवढ्यातनं विषय सुरू होतो. या जातीचा एक नेहमीचा प्रश्न: ग्रुपमधली प्रत्येक वस्तू स्वतःशी जोडली की 'काहीच न करणं' मिळत असेल, तर त्या ग्रुपमध्ये जोडण्याचा क्रम महत्त्वाचा नसतो हे दाखवा. मी यावर अर्धी वही खरडली. मग दिसलं की अ आणि ब या कुठल्याही दोन वस्तू घेतल्या तर अब ही पण ग्रुपमधलीच एक वस्तू आहे, म्हणजे अबअब = १ (१ म्हणजे 'काहीच न करणं'). डावीकडनं अ लावा, उजवीकडनं ब लावा. डाव्या टोकाला अअ झालं, ते गेलं, उजव्या टोकाला बब झालं, ते पण गेलं, उरलं बअ. आणि पलीकडे अब. संपलं! दोन ओळी. त्या दोन ओळींसाठी दीड तास घातला आणि दिवसभर हवेत होते.

पण खरं सांगू का, रकान्यात 'उठावंसं वाटलं नाही' फार वेळा आलं नाही. अल्जेब्रात एकतर किल्ली सापडते नाहीतर सापडत नाही, मधलं काही नाही, आणि सापडत नसेल तेव्हा मला हातात काही धरायला आहे असं वाटेना. माझ्या मैत्रिणीला नेमकं हेच आवडतं. पाचव्या घाताच्या समीकरणाला सर्वसाधारण सूत्र नाही हे आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केलं आणि वयाच्या विसाव्या वर्षी १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात गेलेल्या गाल्वाने त्याच्या मुळाशी ग्रुप आहेत हे दाखवलं, ही गोष्ट सांगताना तिचे डोळे असे चमकतात की विचारू नका. मात्र गोष्ट ऐकून भुलू नका, तिथपर्यंत पोचायला ग्रुप, रिंग, फील्ड असं सगळं पार करून जावं लागतं, तो मोठा पल्ला आहे.

कॉम्बिनेटोरिक्स: सगळ्यात कमी तयारीत सगळ्यात जास्त मजा. सहा माणसं जमली तर त्यात तिघं एकमेकांना ओळखणारे किंवा तिघं एकमेकांना अजिबात न ओळखणारे असणारच, हे दाखवा. एकाला धरा, उरलेले पाच, त्यातले निदान तीन तरी एकाच गटात पडणार, म्हणजे त्याच्या ओळखीचे किंवा अनोळखी, पुढचं तुम्हीच करा. तिघांऐवजी चौघं हवेत तर १८ माणसं लागतात. आणि पाच जण हवेत तर किती? आजही नक्की माहीत नाही, ४३ ते ४६ च्या मधे कुठेतरी एवढंच. सहा माणसांचा प्रश्न शाळेतलं पोर सोडवतं आणि दोन पायऱ्या वर जगातल्या कुणालाच येत नाही. झाओ यांचा कोर्स मात्र पहिला म्हणून घेऊ नका, तो पदव्युत्तर पातळीचा आहे, मी आगाऊपणा करून तिसऱ्या लेक्चरला दमले. ज्यांनी आजवर एकही प्रूफ स्वतः लिहिलेलं नाही त्यांनी आधी ६.०४२जे करावा, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांसाठीचं गणित, २०१० चे व्हिडिओ आहेत, इंडक्शनपासून मोजणी, ग्राफ, थोडी नंबर थिअरी, प्रॉबॅबिलिटी सगळं आहे, आणि त्याला १८.०६२जे हा गणिताचा नंबरही आहे, पण ओळखला जातो तो कॉम्प्युटरच्या ६ नंबरनेच, म्हणून गणितवाल्यांच्या पटकन नजरेत येत नाही. मला कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर!

उपयोजित बाजूचं पटकन: १८.०६५, परत स्ट्रँगच, २०१८ ची लेक्चर्स, मॅट्रिक्सपासून डेटा आणि न्यूरल नेटवर्कपर्यंत नेतात. नोकरीसाठी शिकत असाल तर मागचापुढचा विचार न करता हे घ्या, सोबत १८.६५० स्टॅटिस्टिक्स. कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर ०.३०००००००००००००००४ का येतं, असल्या प्रश्नाने झोप उडत असेल तर न्यूमरिकल ॲनालिसिस. माझी उडाली नाही.

आता ॲनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसमधलं सगळं पायापासून सिद्ध करून बघणं. लेक्चर बघून आवडलं होतं, असाइनमेंट बघून घाबरले, आणि शेवटी इथेच अडकले. प्रश्न असा: एखादी क्रमिका (म्हणजे संख्यांची न संपणारी रांग) एका संख्येकडे जात असेल तर तिच्या सरासऱ्याही (पहिल्या दोनांची, पहिल्या तिनांची, पहिल्या हजारांची) त्याच संख्येकडे जातात हे सिद्ध करा. वाचून म्हणलं यात काय सिद्ध करायचंय, उघडच आहे की! मग लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला थांबले. कारण सुरुवातीची पदं कितीही वेडीवाकडी असू शकतात, पहिलंच पद दहा कोटी असलं तर? ते सरासरीत कायमचं बसलेलं आहे, बाहेर जात नाही. तीन संध्याकाळी गेल्या. भांडी घासताना सुचलं की पदांचे दोन ढीग करायचे. एका ठरावीक जागेनंतरची सगळी पदं हव्या त्या संख्येला चिकटून आहेत, त्यांची काळजी नाही. त्याआधीची वेडी पदं आहेत खरी, पण ती मोजकी, त्यांची बेरीज ठरलेली, वाढत नाही. आणि भागायचं कशाने? वाढत जाणाऱ्या आकड्याने. दहा कोटीला दहा अब्जाने भागा, काय राहतं? हात तसेच ओले ठेवून वहीकडे पळाले. महत्त्वाचं म्हणजे त्या तीन संध्याकाळींत एकदाही वही मिटावीशी वाटली नव्हती, रकान्यात तसं लिहिलंय, तारखेसकट. थोडं थोडं पुढे सरकता येतं यात, आज एवढी बाजू आवळली, उद्या तेवढी. माझ्या स्वभावाला हे जमतं.

कॉम्प्लेक्सबद्दल एकच, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८.०४ च्या लांबलचक नोट्स आहेत तिथे, व्हिडिओशिवाय. कॅल्क्युलसमध्ये आपण १/(१ + क्ष²) ची सिरीज काढतो, १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶ अशी, आणि ती क्ष उणे एक ते एकच्या आत असेल तरच चालते असं रेशो टेस्ट लावून लिहितो, दोन मार्क मिळतात. पण का? त्या फलाचा आलेख काढून बघा, गुळगुळीत टेकडी आहे, एकपाशी काहीही घडत नाही, ना खड्डा ना भिंत. मग सिरीज तिथेच का मोडते? मी परीक्षेत हे गणित किमान पाच वेळा सोडवलं असेल आणि हा प्रश्न एकदाही पडला नाही, याची लाज वाटते. उत्तर आलेखाच्या रेषेवर नाहीच, रेषेच्या वर आणि खाली आहे. कॉम्प्लेक्स प्रतलात आय (ज्याचा वर्ग उणे एक) आणि उणे आय या दोन बिंदूंवर छेद शून्य होतो, आणि शून्यापासून दोन्ही बरोबर एक अंतरावर. शून्याभोवती वाढत जाणारं वर्तुळ त्या दोन खिळ्यांना जाऊन अडकतं, तेच आपल्याला खाली रेषेवर 'एक' म्हणून दिसतं. रेषेवर राहणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. ॲनालिसिसनंतर हे घ्यायचं ठरलंय, चर्चा बंद.

टोपॉलॉजी आधी घेऊ का असं खूप जण विचारतात कारण डोनट वाकवत वाकवत कप होतो ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. घेऊ नका. पहिल्या सेमिस्टरला डोनट फारसा येत नाही, ओपन सेट येतात, आणि ॲनालिसिस झालेलं नसेल तर हे कशासाठी चाललंय ते कळत नाही. तसंही प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसमध्ये आधी काय झालेलं हवं ते लिहिलेलं असतं, ते उलट्या दिशेने वाचत या: टोपॉलॉजीला ॲनालिसिस पाहिजे, फंक्शनल ॲनालिसिसला (१८.१०२, याचे पण व्हिडिओ आहेत) ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्रा पाहिजे. असं दहा मिनिटं केलंत की बरेच धागे ॲनालिसिस नाहीतर अल्जेब्रा या दोन खुंट्यांना येऊन बांधलेले दिसतात. तेव्हा अगदीच ठरत नसेल तर या दोनपैकी एक घ्या, वाया जाणार नाही.

आता तो कापलेला स्टार. तिथे तुमची वही तपासायला कुणी नाही. हे ते स्वतःच उघड सांगतात, लपवाछपवी नाही, पण प्रूफच्या बाबतीत ही कमतरता कॅल्क्युलसपेक्षा दहापट जाणवते. इंटिग्रलचं उत्तर चुकलं तर मागच्या पानावर ताळा करता येतो. प्रूफ चुकलं तर ते चुकलेलं दिसतच नाही, उलट फार सुंदर दिसतं. मी एकदा सिद्ध केलं की सलग (म्हणजे ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा) फलांची रांग एखाद्या फलाकडे जात असेल तर ते शेवटचं फलही सलगच असणार. आठ ओळी, स्वच्छ अक्षर. मैत्रिणीला फोटो पाठवला. तिने तिसऱ्या ओळीतल्या एन या अक्षराभोवती (रांगेतल्या ज्या जागेनंतर सगळं हवं तितकं जवळ येतं ती जागा) लाल गोल करून परत पाठवला आणि खाली लिहिलं, "अगं, हा एन कुणाचा?" मी म्हणलं कुणाचा म्हणजे? "म्हणजे सगळ्या क्षना मिळून एकच आहे की प्रत्येक क्षचा वेगळा?" बसले बघत. क्ष, क्ष², क्ष³... शून्य ते एकमध्ये ही फलं घ्या, प्रत्येक सलग, पण शेवटी काय मिळतं तर सगळीकडे शून्य आणि एकपाशी टुणकन एक! माझा सुंदर निकाल धडधडीत खोटा होता. दिलासा एवढाच की कोशीसारख्या मोठ्या गणितज्ञाने १८२१ मध्ये याच वळणाचं विधान बेरजांसाठी छापलं होतं आणि १८२६ मध्ये आबेलने त्याला न जुमानणारं उदाहरण दाखवलं. एकटी असते तर मी तो निकाल पुढच्या चार प्रश्नांत वापरून मोकळी झाले असते.

त्यामुळे हे वापरणार असाल तर वही तपासणारं एक माणूस आधी शोधा, तुमच्याच पातळीचं चालतं, हुशार असायची गरज नाही, खवचट असायची आहे. कुणीच नसेल तर लीन नावाची सिस्टिम बघा, त्यात प्रूफ लिहिलं की कॉम्प्युटर एकेक पायरी तपासतो आणि 'उघडच आहे' हे कारण चालवून घेत नाही. नॅचरल नंबर गेम म्हणून एक खेळ आहे तिचा, ब्राउझरमध्येच चालतो, त्यात अधिक-गुणिलेचे नियम शून्यापासून सिद्ध करायचे असतात. चिकटपट्टी आहे नुसती, परीक्षेच्या आठवड्यात उघडू नका.

कुणासाठी नाही: ज्यांना सर्टिफिकेट हवंय, ज्यांना डेडलाइन नसली की काम होत नाही (मी पण त्यातलीच, म्हणून दर रविवारी मैत्रिणीला पानं पाठवायची असं ठरवून घेतलं), आणि ज्यांना फक्त व्हिडिओ बघायचेत. बघायला छानच आहेत, पण त्यावरनं पुढची दोन वर्षं ठरवू नका.

सध्या मी १८.१००ए च्या चौथ्या असाइनमेंटवर आहे आणि मैत्रीण १८.७०१ मध्ये. तिने परवा पाठवलेल्या पानावर पाचव्या ओळीत 'हे स्पष्टच आहे' असं लिहिलेलं सापडलं, त्याला मी लाल गोल करून पाठवलाय. मेसेज वाचलाय तिने. उत्तर अजून आलेलं नाही.